‘मोर टॉलर’ कोणी शिकवलं?

‘शी इज टॉल दॅन मी’ ही चूक मराठी मूल घरून आणतं. ‘शी इज मोर टॉलर दॅन मी’ ही चूक त्याला शाळा देते. मराठी माध्यमातल्या मुलांच्या इंग्रजीला नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाने हा फरक आधी समजून घ्यावा आणि मग बोलावं. मी तालुक्याच्या गावी मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. या दोन चुकांपैकी दुसरीचं खापर मुलांच्या डोक्यावर फोडलेलं मला यापुढे चालणार नाही.

पहिली चूक सरळ आहे. मराठीत तुलना करताना विशेषणाला हात लागत नाही. ‘माझी बहीण उंच आहे’, ‘माझी बहीण माझ्यापेक्षा उंच आहे’, ‘माझी बहीण घरात सगळ्यांत उंच आहे’, तिन्ही वाक्यांत ‘उंच’ जसं होतं तसंच राहतं. तुलनेचं सगळं काम ‘पेक्षा’ करतो, नाहीतर ‘हून’ करतो, आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘परीस’ करतो. बरोबरी दाखवायची तर ‘इतकी’ येतं. या भाषेत वाढलेलं मूल ‘टॉल दॅन मी’ म्हणालं, तर त्याने आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळलेला असतो. इंग्रजीत विशेषणाचं रूपच बदलावं लागतं एवढं त्याला दाखवायचं असतं. महिनाभर कानावर योग्य वाक्यं पडली की ते पुष्कळदा आपोआप सुधारतं.

पण शाळा तसं करत नाही. शाळा फळ्यावर तीन रकाने आखते. गुड म्हणजे चांगला, बेटर म्हणजे अधिक चांगला, बेस्ट म्हणजे सर्वांत चांगला. टॉल म्हणजे उंच, टॉलर म्हणजे अधिक उंच. पुढे ही यादी वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेतली जाते. हा तक्ता दोन्ही भाषांशी खोटं बोलतो. ‘आजची आमटी कालच्यापेक्षा चांगली झालीय’ असं आपण म्हणतो. ‘कालच्यापेक्षा अधिक चांगली झालीय’ असं कोणाच्या घरात बोलतात? दुसरी वस्तू समोर न घेता बोलायचं असेल तर ‘हे जास्त बरं’ असं म्हणतो खरं, पण वाक्यात ‘पेक्षा’ आला की ‘अधिक’ला तिथे काम उरत नाही. हा ‘अधिक’ मुलाच्या मराठीत नव्हता. तक्त्याने तो त्याच्या डोक्यात घातला. मग इंग्रजी बोलायची वेळ आली की मूल शिस्तीने भाषांतर करतं. ‘अधिक’ला मोर आणि ‘उंच’ला तुलनेच्या पाठात शिकवलेला शब्द टॉलर. झालं ‘मोर टॉलर’. त्याच रस्त्याने ‘मोर बेटर’ आणि ‘मोर ईझियर’. यात मुलाची बुद्धी कुठेही कमी पडलेली नाही. दिलेल्या चुकीच्या मालातून त्याने काढलेला निष्कर्ष अचूक आहे.

आणि याच ‘मोर बेटर’वर पुढे त्याला हसतात. कॉलेजात हसतात, मुलाखतीत हसतात. शहरातल्या चकचकीत ऑफिसातले लोक आपसांत त्याची नक्कल करतात. ज्यांचे आईवडील इंग्रजी बोलत होते म्हणून ज्यांना हे रूप कानावाटे फुकट मिळालं, ते लोक ज्याला ते मिळालं नाही त्याला अडाणी ठरवतात. ही वर्गाची मस्ती आहे. भाषेच्या प्रेमाशी तिचा काही संबंध नाही. दुहेरी तुलना हा अडाणीपणाचा पुरावा असेल, तर शेक्सपिअरला काय म्हणणार? ‘ज्युलिअस सीझर’मध्ये सीझरच्या प्रेतापाशी बोलणाऱ्या अँटनीच्या तोंडी त्याने ‘मोस्ट’ही घातलं आहे आणि त्याच विशेषणाला शेवटी ‘एस्ट’ही लावलं आहे. बेन जॉन्सनचं इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापलं गेलं. त्यात अशा दुहेरी रूपांना तो इंग्रजीचं एक लेणं मानतो. ती अयोग्य असल्याचा निर्वाळा रॉबर्ट लाउथने १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात दिला, पुढच्या शाळामास्तरांनी तो उचलला, आणि आज तो प्रमाण इंग्रजीचा नियम आहे.

नियम आहे म्हणजे तो पाळायचा. मी वहीत ‘मोर बेटर’ दिसलं की दुरुस्त करतो आणि करत राहीन. पण त्यावर हसणाऱ्यांनी आपल्या अभिनंदनाच्या पत्रकांतले ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘सर्वोत्कृष्ट’ एकदा तपासावेत. ‘श्रेष्ठ’ हेच मुळात ‘सगळ्यांत वरचा’ सांगणारं रूप आहे, त्याला पुन्हा ‘सर्व’ जोडून आपण मानपत्रं लिहितो. ‘श्रेष्ठतम’ तर शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात आहे. जोर द्यायचा म्हणून माणूस तुलनेवर तुलना चढवतो, हे अनेक भाषांमध्ये होत आलेलं आहे.

‘श्रेष्ठ’चा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण वर्गात हे सांगणारा शिक्षक मला क्वचितच भेटला. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ या शब्दांतलं ‘इष्ठ’ आणि बेस्ट, टॉलेस्ट, बिगेस्टमधलं ‘एस्ट’ ही एकाच मूळ प्रत्ययाची दोन रूपं आहेत. एसटीच्या खिडकीवर ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव’ हे वाचत शाळेत येणाऱ्या मुलाला इंग्रजीचा हा प्रत्यय परका नाही. त्याला ही ओळख करून दिली तर ते एस्टकडे घाबरून बघणार नाही. मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी वर्गात मान वर होते. पण हे परीक्षेत येत नाही म्हणून पुस्तकात नाही, आणि पुस्तकात नाही म्हणून बहुतेकांच्या शिकवण्यात नाही.

परीक्षा. सगळी कीड तिथे आहे.

‘चेंज द डिग्री’ हा प्रश्न ज्याने कधी सोडवला नाही असा महाराष्ट्रात दहावी झालेला माणूस शोधून सापडणं कठीण. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. ते वाक्य एकदा ‘हायेस्ट’ वापरून लिहा, मग ‘हायर दॅन एनी अदर पीक’ असं लिहा, मग ‘नो अदर पीक इज ॲज हाय ॲज’ असं लिहा. सूत्र पाठ करा, शब्द जागेवर बसवा, गुण घ्या. १९३५ सालच्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात हा अदलाबदलीचा व्यायाम आहे, आणि तिथून तो गाइडांमध्ये, अपेक्षित प्रश्नसंचांमध्ये, खाजगी क्लासच्या झेरॉक्समध्ये उतरत आला. आमच्या मुलांना हा प्रश्न उत्तम सोडवता येतो. तीच मुलं गेल्या आठवड्याच्या पावसाची या आठवड्याच्या पावसाशी तुलना करा म्हटल्यावर गप्प होतात, कारण ते त्यांना कधी कोणी विचारलेलं नसतं.

वर या प्रश्नाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ‘अर्थ न बदलता’. हे सरळसरळ खोटं आहे. ‘वन ऑफ द हायेस्ट’चं रूपांतर ‘हायर दॅन मोस्ट अदर’ असं करायला शिकवतात. आता पन्नास मुलांचा वर्ग घ्या. उंचीने विसावा असलेला मुलगा वर्गातल्या बहुतेकांपेक्षा उंच आहे, हे खरं. तो सर्वांत उंच मुलांपैकी एक आहे का? नाही. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे, राज्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे, त्याला ‘वन ऑफ द हायेस्ट’ शोभतं. ‘बहुतेकांपेक्षा उंच’ हे वर्णन तर कितीतरी साध्या डोंगरांनाही लागू पडेल. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे असं मुलांना सांगणं म्हणजे त्यांना विचार न करायला शिकवणं. आणि जिथे गणिती अर्थ खरोखर एकच असतो, तिथेही बोलण्याचा रोख वेगळा असतो. ‘कळसूबाई सर्वांत उंच’ म्हणताना मी कळसूबाईबद्दल बोलतो आहे. ‘दुसरं कुठलंच शिखर इतकं उंच नाही’ म्हणताना कोणीतरी दुसऱ्या शिखराचं नाव घेतलेलं असतं आणि मी ते खोडतो आहे. कधी कोणतं वाक्य वापरायचं हे शिकवणं म्हणजे भाषा शिकवणं. आम्ही त्याचं बीजगणित केलं, तेही चुकीचं.

तुलनेत जे खरोखर शिकण्यासारखं आहे ते या प्रश्नात कधी येतच नाही. ‘राम श्यामपेक्षा उंच आहे’ यातून राम उंच आहे हे सिद्ध होत नाही, दोघेही बुटके असू शकतात. पण ‘राम श्यामइतका बुटका आहे’ म्हटलं की दोघांच्याही बुटकेपणावर शिक्का बसतो. इंग्रजीतही ‘ॲज टॉल ॲज’ आणि ‘ॲज शॉर्ट ॲज’ यांत अगदी हाच फरक आहे. ‘ॲन ओल्डर मॅन’ हा ‘ॲन ओल्ड मॅन’पेक्षा सहसा तरुण असतो, कारण समोर दुसरा कोणी नसताना इंग्रजी माणूस तुलनेचं रूप शब्दाची धार कमी करायला वापरतो. तीन रकान्यांच्या तक्त्यावर ज्याचा विश्वास आहे त्याला हे कधीच कळणार नाही. त्याच्या तक्त्यात ओल्डर हा ओल्डच्या वरच्या पायरीवर उभा आहे.

एकदा उत्तरपत्रिका तपासण्याच्या ठिकाणी माझ्या शेजारच्या टेबलावर एका मुलीचा निबंध होता. विषय ‘माझी आजी’. तिने लिहिलं होतं की आजी गावातल्या डॉक्टरपेक्षा ‘मोर क्लेव्हर’ आहे. तपासनिसांनी ‘मोर’वर लाल रेघ ओढली, वर ‘क्लेव्हरर’ लिहिलं आणि गुण कापला. इंग्रजीत ‘क्लेव्हरर’ही चालतं आणि ‘मोर क्लेव्हर’ही चालतं. चांगला शब्दकोश उघडला असता तर दोन्ही रूपं सापडली असती. त्याच निबंधात तिने आजीला ‘हाय लेडी’ म्हटलं होतं, उंच बाई या अर्थाने. त्याकडे तपासनिसांचं लक्षही गेलं नाही. बरोबर होतं ते खोडलं गेलं आणि चुकलं होतं ते तसंच राहिलं. मी बोललो तेव्हा उत्तर मिळालं, “अहो सर, नमुना उत्तरात ‘अर’ दिलंय. आपण कशाला वाद घालायचा?” त्या मुलीने आजीबद्दल मनापासून एक वाक्य रचलं होतं. तिला त्यातून एवढंच कळलं असणार की इंग्रजीत मनाचं लिहिणं धोक्याचं आहे.

‘अर’ कधी आणि ‘मोर’ कधी, हा नियम मुळात कानाचा आहे. शब्द बोलताना तोंडातून किती ठोके पडतात त्यावर तो चालतो. एका ठोक्याच्या शब्दाला सहसा अर, तीन किंवा अधिक ठोक्यांच्या शब्दाला मोर. दोन ठोक्यांचा शब्द ‘ई’ या उच्चारावर संपणारा असेल, हॅपीसारखा, तर अर. नॅरो, सिंपल, क्लेव्हर, क्वाएट यांना दोन्ही चालतात. बाकीचे दोन ठोक्यांचे बहुतेक मोर घेतात. टायर्ड, बोअर्ड अशी क्रियापदावरून आलेली विशेषणं कितीही छोटी असली तरी मोरच घेतात. एवढं सांगायला पाव तास लागतो. पण आमच्या पुस्तकांत हा नियम डोळ्यांनी शिकवला जातो, ‘लहान शब्द’ आणि ‘मोठे शब्द’ म्हणून, जणू स्पेलिंगमधली अक्षरं मोजायची आहेत.

संताप याचा येतो की ठोके मोजणं आमच्या मुलांना आधीच शिकवलेलं असतं. शेजारच्या वर्गात मराठीचे सर वृत्तं शिकवतात. ‘यमाचा’ म्हणजे य गण, ‘राधिका’ म्हणजे र गण, लघु-गुरू लावा, अक्षरं मोजा. ज्या मुलाला ओळीतले गण पाडता येतात त्याला ‘ब्यूटिफुल’चे तीन ठोके मोजता येणार नाहीत? फक्त एक गाठ सोडवून द्यावी लागते. वृत्तात ‘घर’ची दोन अक्षरं धरतात, पण बोलताना आपण ‘घर्’ असा एकच ठोका देतो, शेवटचा अ गिळून टाकतो. ‘टॉल’ देवनागरीत दोन अक्षरी दिसतो, बोलताना एकच ठोका पडतो. हे एकदा टाळी वाजवून दाखवलं की मुलं ‘अर’ आणि ‘मोर’ स्वतःच लावायला लागतात. पण मराठीच्या वर्गात शिकलेलं इंग्रजीच्या वर्गात वापरायचं नाही, असा अलिखित दंडक आहे. मराठी ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड आहे, हा समज मुलांपेक्षा आमच्या शिक्षकांमध्ये आणि संस्थाचालकांमध्ये जास्त घट्ट बसलेला आहे.

आता त्या ‘हाय लेडी’कडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. तुलनेचं रूप चुकलं तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. विशेषणच चुकीचं निवडलं तर अर्थच बदलतो. मराठी ‘मोठा’ एकटा केवढं काम करतो पाहा. मोठा भाऊ, मोठा आवाज, मोठा माणूस, मोठा पाऊस, मोठी रक्कम, मोठी चूक. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळा जोडीदार आहे. भावाला एल्डर किंवा बिग, आवाजाला लाउड, थोर माणसाला ग्रेट, पावसाला हेवी, रकमेला लार्ज, चुकीला बिग. मुलाच्या हातातल्या खिशात मावणाऱ्या शब्दकोशात काय असतं? बिग, मोठा. लार्ज, मोठा. ग्रेट, मोठा. आणि वर परीक्षेत समानार्थी शब्दांच्या जोड्या लावा. आपणच त्याला सांगतो की हे सगळे एकच आहेत, आणि ते ‘लार्ज ब्रदर’ म्हणालं की आपणच कपाळाला हात लावतो.

याचा उपाय मुलाच्या तोंडातच आहे. हळद पिवळीधमक असते, कोळसा काळाकुट्ट, शेत हिरवंगार, दूध पांढरंशुभ्र, कुंकू लालभडक, चिंच आंबटढाण. पाचवीतल्या मुलासमोर ‘पिवळीकुट्ट हळद’ म्हणा, वर्ग खो खो हसतो. हे त्यांना कोणत्या यादीतून मिळालं? हवा दमट असते, पापड सादळलेला असतो, दोरीवरचे कपडे ओलसर असतात, पावसातून आलेला माणूस चिंब असतो. ‘दमट पापड’ कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे कोणी सांगूही शकत नाही. शब्द आपापल्या सोबत्यांसह कानात शिरलेले असतात. इंग्रजी विशेषणंही अशीच असतात एवढं मुलाला उमगलं की अर्धी लढाई झाली. आणि त्याला काही इंग्रजी जोड्या आधीच येत असतात, कारण त्या जगण्यातून आलेल्या असतात. जो इंग्रजीची पायरी चढलेला नाही तो मुंबईकरही फास्ट लोकल म्हणतो, क्विक लोकल म्हणत नाही. माझ्या गावातली भाजीवाली हाय बीपी म्हणते, टॉल बीपी म्हणत नाही. लो व्होल्टेज, हेवी ट्रॅफिक, टाइट कपडे, फ्रेश माल, या जोड्यांपैकी एकही चुकत नाही, कारण त्यांपैकी एकही समानार्थी शब्दांच्या यादीतून आलेली नाही.

“सर, माणूस टॉल आणि डोंगर हाय, असं का? दोघंही उंचच ना?” हा प्रश्न विचारणारं मूल वर्गातलं सर्वांत हुशार मूल असतं. त्याला ‘ते तसंच असतं, पाठ कर’ असं उत्तर मिळतं. खरं उत्तर असं की रुंदीपेक्षा उंची डोळ्यांत भरते अशा अंगाने सडसडीत वस्तूला टॉल लागतो, माणूस, झाड, धुरांडं. पायाने पसरलेल्या डोंगराला आणि भिंतीला हाय लागतो. जमिनीपासून किती वर आहे हे सांगायचं असेल तेव्हाही हाय, म्हणून पतंग हाय, फळी हाय, आढं हाय. इमारतीला दोन्ही चालतात. हे उत्तर प्रत्येक उदाहरण झाकत नाही, पण मूल त्यावर विचार करू शकतं.

या असल्या शिकवण्याला हल्ली मोबाइलची जोड मिळाली आहे. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कोणी तरुण सांगतो, ‘व्हेरी टायर्ड म्हणू नका, एक्झॉस्टेड म्हणा, व्हेरी बिग म्हणू नका, एनॉर्मस म्हणा, लोक इंप्रेस होतील.’ माझे विद्यार्थी या याद्या वहीत उतरवून आणतात. मग त्यांच्या लिखाणात ‘व्हेरी एनॉर्मस’ आणि ‘मोर एक्झॉस्टेड दॅन माय ब्रदर’ दिसायला लागतं. कारण यादी देणारा एक गोष्ट कधीच सांगत नाही. एनॉर्मस, एक्झॉस्टेड, फ्युरिअस, फ्रीझिंग ही विशेषणं टोकाला जाऊन बसलेली आहेत, त्यांना सहसा व्हेरी लागत नाही आणि एरवी त्यांची तुलनाही होत नाही. म्हणजे कोणतं विशेषण निवडायचं आणि त्याची तुलना कशी करायची हे दोन धडे नाहीत, तो एकच धडा आहे. शब्द निवडला त्या क्षणी त्याला पायऱ्या आहेत की नाहीत हे ठरून जातं. भाषा कधीकधी हीही मर्यादा ओलांडते. १७८७ सालच्या अमेरिकन राज्यघटनेची उद्देशिका ‘परफेक्ट’लाही ‘मोर’ लावते, पण लिहिणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक होतं. आमच्या मुलांना साधा शब्दच पुरेसा होता. ‘व्हेरी टायर्ड’ हे स्वच्छ, खणखणीत इंग्रजी आहे. ते काढून घेऊन त्यांच्या हातात न पेलणारे शब्द देणारे लोक त्यांचं नुकसान करत आहेत, आणि त्याचे पैसे कमावत आहेत.

नुकसान म्हणजे गुणांचं म्हणत नाही मी. देवगडकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याने बाहेरदेशच्या खरेदीदाराला आपल्या आंब्यांबद्दल पत्र पाठवलं, त्यात ‘अवर मँगोज आर चीपर’ असं लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं की भाव परवडणारा आहे. चीपमध्ये स्वस्तपणाबरोबर हलकेपणाचा वास असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या शब्दकोशात चीप म्हणजे स्वस्त, एवढंच होतं. हापूस विकणाऱ्या माणसाने स्वतःच्याच मालावर तो शिक्का मारला. लग्नाच्या जाहिरातींतलं ‘होमली’ तसंच. इकडे त्याचा अर्थ घरकुटुंबात रमणारी असा घेतात, आणि तीच ओळ अमेरिकेतल्या माणसाने वाचली की त्याला ‘दिसायला सामान्य’ असं कळतं. आपल्या मुलींची ओळख अशा शब्दांत करून देणारे लोक इंग्रजी शिकलेलेच असतात. त्यांना समानार्थी शब्द उत्तम येत होते.

या रोगावरचं औषध कोणी शोधलंच नाही असं असतं, तर मी इतका चिडलो नसतो. ते शोधलं गेलं आणि त्यातलं बरंचसं आपल्याच उपखंडात. ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्टने बंगालमधली मुलं पाहून १९२६ साली द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिलं आणि १९३५ साली शिकणाऱ्यांसाठी असा शब्दकोश काढला ज्यातल्या सगळ्या व्याख्या अवघ्या १४९० शब्दांत बसवल्या होत्या. शब्द कळायचा तर तो कोणाच्या संगतीत येतो ते पाहावं, हा विचार मांडणारा जे. आर. फर्थ १९२०च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. ए. एस. हॉर्न्बीने जपानमधल्या विद्यार्थ्यांसाठी केलेला शब्दकोश १९४२ साली टोकियोत निघाला, ऑक्सफर्डचा आजचा विद्यार्थी-कोश त्याचाच वंशज. आणि उलट बाजूने पाहायचं तर मोल्सवर्थ आहेच. इंग्रजांना मराठी शिकायची होती तेव्हा त्याने कँडी बंधू आणि शास्त्रीपंडित यांना हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, १८५७ साली वाढवून पुन्हा काढला. शब्द कसा वापरतात याचे दाखले त्यात ठिकठिकाणी आहेत. परक्यांना आपली भाषा शिकता यावी म्हणून एवढं झालं. मराठी मुलाला इंग्रजी शिकता यावं म्हणून विशेषणांच्या जोड्या मराठीतून उलगडून सांगणारा, वर्गात परवडेल असा कोश आजही माझ्या शाळेच्या कपाटात नाही. २००० सालापासून आपण पहिलीपासून इंग्रजी शिकवतो आहोत. दहा वर्षं एक भाषा शिकून मुलाला हेवी पाऊस आणि स्ट्राँग वारा वेगळा करता येत नसेल, तर त्या दहा वर्षांचा हिशोब मुलाकडे मागू नका.

यावर मला ठराविक उत्तर मिळतं, लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, एकच बरोबर उत्तर असलेले प्रश्नच विचारावे लागतात. मग असा एक प्रश्न घ्या. हेवी, स्ट्राँग, हाय, टॉल, लाउड ही पाच विशेषणं द्या आणि पाऊस, वारा, ताप, झाड, आवाज ही पाच नामं द्या. जोड्या लावा आणि त्यातली कोणतीही एक जोडी वापरून काल आणि आज यांची तुलना करणारं एक वाक्य लिहा. जोड्या नमुना उत्तरावरून कोणीही तपासू शकेल. वाक्यासाठी दोन गुण ठेवा, ‘अर’ किंवा ‘मोर’ यांपैकी जे मान्य आहे ते मान्य करा, आणि दोन्ही मान्य असतील तर दोन्ही मान्य करा, म्हणजे आजीबद्दल खरं लिहिणाऱ्या मुलीचा गुण जाणार नाही. याला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही, समिती तर मुळीच लागत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ‘चेंज द डिग्री’ची ओळ खोडायची आणि तिच्या जागी ही लिहायची. ज्या वर्षी ती छापून येईल त्याच्या पुढच्या जूनमध्ये गाइडवाले आपणहून तीन रकान्यांचा तक्ता फाडून टाकतील, कारण जे परीक्षेत येतं तेच ते छापतात.